सायकलच्या सांगाड्याची ताठरता

सायकलच्या सांगाड्याची ताठरता म्हणजे स्वाराचे वजन, पेडलवरील दाब आणि रस्त्याचे धक्के यांमुळे सांगाडा आपला मूळ आकार बदलण्यास किती विरोध करतो, याचे माप होय. व्यवहारात सांगाड्याला 'फ्रेम' असेही म्हणतात. सांगाडा पोलाद, ॲल्युमिनियम, टायटॅनियम, कार्बन तंतूंचे संमिश्र किंवा क्वचित बांबू यांपासून बनवतात. प्रत्येक द्रव्याची सायकल चालवताना वेगळी जाणवते, असा समज सर्वत्र रूढ आहे. पोलाद मऊ, ॲल्युमिनियम कडक, टायटॅनियम लवचिक आणि कार्बन धक्के पिणारे, अशी वर्णने सायकलच्या दुकानांत व जाहिरातींत आढळतात. या समजात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे. सांगाड्याची ताठरता द्रव्याइतकीच नळ्यांचा व्यास, त्यांच्या भिंतीची जाडी आणि सांगाड्याची भूमिती यांवर ठरते. स्वाराला जाणवणाऱ्या धक्क्यांत सांगाड्यापेक्षा टायरचा वाटा पुष्कळच मोठा असतो.

हा विषय केवळ शर्यतींच्या सायकलींपुरता मर्यादित नाही. रत्नागिरीसारख्या डोंगरउताराच्या, अतिपावसाच्या आणि खाऱ्या हवेच्या प्रदेशात सांगाड्याचे द्रव्य सायकलीच्या आरामापेक्षा तिच्या टिकाऊपणावर आणि स्वाराच्या सुरक्षिततेवर अधिक परिणाम करते.

सांगाड्याची रचना

आज प्रचलित असलेला सांगाडा दोन त्रिकोणांचा असतो. पुढच्या त्रिकोणात वरची दांडी, खालची तिरपी नळी आणि सीटची उभी नळी असते. पुढे हँडलची आखूड नळी या त्रिकोणाला जोडलेली असते. मागच्या बाजूस पातळ नळ्यांच्या दोन जोड्या मागच्या चाकाला धरून ठेवतात. पेडलचा आस ज्या आडव्या नळीतून जातो ती नळी दोन्ही त्रिकोणांच्या तळाशी असते. पुढचे चाक हँडलच्या नळीतून फिरणाऱ्या चिमट्यात बसवतात. चिमटा सांगाड्यापासून वेगळा भाग असला, तरी धक्क्यांच्या बाबतीत त्याचा विचार सांगाड्याबरोबरच करावा लागतो.

त्रिकोण ही अशी आकृती आहे की तिच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय तिचा आकार बदलत नाही. त्यामुळे उभ्या भाराखाली या सांगाड्याच्या नळ्या मुख्यतः ताणल्या किंवा दाबल्या जातात, वाकत फारशा नाहीत. नळी वाकवणे सोपे, पण ती लांबीच्या दिशेने दाबून आखूड करणे अत्यंत कठीण. पुलांच्या कैच्यांमध्ये हेच तत्त्व वापरतात. म्हणूनच दोन त्रिकोणांचा सांगाडा, तो कोणत्याही धातूचा असो, उभ्या दिशेने फार ताठर असतो.

आडव्या दिशेने मात्र असे नसते. सगळ्या नळ्या जवळजवळ एकाच उभ्या प्रतलात असल्याने बाजूने जोर आल्यास त्यांना वाकावे किंवा पिळावे लागते. सांगाड्यांमधील खरे फरक या दिशेने दिसून येतात.

ताठरतेचे प्रकार

सांगाड्याची ताठरता तीन प्रकारे मोजतात.

उभी ताठरता : सीटवर खाली भार दिल्यावर सांगाडा किती दबतो, याचे हे माप आहे. आरामाचा संबंध सामान्यतः हिच्याशी जोडला जातो. प्रत्यक्षात दोन त्रिकोणांच्या सांगाड्याचे दबणे एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते.

पेडलपाशी आडवी ताठरता : स्वार उभा राहून जोराने पेडल मारतो तेव्हा पेडलच्या आसाजवळचा भाग आळीपाळीने डावी-उजवीकडे ढकलला जातो. चढावर, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त असताना, हा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो. सांगाडा फार लवचिक असेल तर साखळी गिअरच्या पट्टीला घासते किंवा रिम ब्रेकच्या रबराला लागते.

पीळ सहन करण्याची ताठरता : हँडलची नळी आणि मागचे चाक यांच्यातील पीळ सांगाडा किती रोखतो, याचे हे माप आहे. वळणावर सायकल सरळ रेषेत राहणे आणि मागे ओझे असताना तिचे स्थैर्य यांवर अवलंबून असते. मागच्या कॅरियरवर जड ओझे बांधून चालणारी सायकल 'शेपटी हलवते', त्याचे एक प्रमुख कारण ही ताठरता कमी पडणे हे आहे. मुंबईतील डबेवाले, तसेच कोकण-गोव्यात दारोदार पाव विकणारे सायकलस्वार वर्षानुवर्षे जाड नळ्यांच्या जड सायकली पसंत करत आले आहेत, यामागे हेही कारण आहे.

दांडी नसलेल्या, म्हणजे बोलीभाषेतील 'लेडीज' सायकलीत पुढचा त्रिकोण अपुरा असतो. वरची दांडी खाली उतरवल्याने कैचीचा लाभ कमी होतो आणि पीळ रोखण्याची ताठरता घटते. ती भरून काढण्यासाठी अधिक जाड नळ्या वापराव्या लागतात किंवा दोन समांतर तिरप्या नळ्या बसवाव्या लागतात. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतर्गत इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू विद्यार्थिनींना सायकलीसाठी साहाय्य दिले जाते. शाळकरी मुलींच्या सायकली बहुधा याच घडणीच्या असतात आणि दप्तराबरोबर मागे मैत्रीणही बसत असल्याने त्यांच्या सांगाड्यावरील पिळाचा भार कमी लेखण्याजोगा नसतो.

द्रव्य आणि आकार

एखादे द्रव्य ताणास किती विरोध करते हे यंगच्या गुणांकाने सांगतात. हा गुणांक गिगापास्कल या एककात देतात. सायकलीत वापरल्या जाणाऱ्या धातूंचे गुणांक व घनता साधारण पुढीलप्रमाणे आहेत.

पोलाद : गुणांक सुमारे २०५ गिगापास्कल, घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंमी.
टायटॅनियमचे मिश्रधातू : गुणांक सुमारे १०७ गिगापास्कल, घनता ४.५.
ॲल्युमिनियमचे मिश्रधातू : गुणांक सुमारे ७० गिगापास्कल, घनता २.७.

गुणांकाला घनतेने भागल्यास पोलादासाठी २६, ॲल्युमिनियमसाठी २६ आणि टायटॅनियमसाठी २४ च्या जवळपास संख्या मिळते. म्हणजेच समान वजनात हे तिन्ही धातू जवळजवळ सारखेच ताठर आहेत. एका आकाराची पोलादी नळी काढून तिच्या जागी तंतोतंत तशीच ॲल्युमिनियमची नळी बसवली, तर वजन सुमारे एक तृतीयांश होते आणि ताठरताही एक तृतीयांश होते. ॲल्युमिनियम हे मुळात 'कडक' द्रव्य नाही. उलट, वर दिलेल्या तीन धातूंत ते सर्वांत लवचिक आहे.

मग ॲल्युमिनियमच्या सायकली कडक का वाटतात? याचे उत्तर नळीच्या व्यासात आहे. पातळ भिंतीच्या नळीचे वजन व्यास आणि भिंतीची जाडी यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते, परंतु तिचा वाकण्यास व पिळण्यास होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट, पण ताठरता आठपट होते. व्यास दुप्पट करून जाडी निम्मी केली तर वजन तेवढेच राहून ताठरता चौपट होते.

उदाहरणार्थ, २८.६ मिमी व्यासाची व ०.९ मिमी जाडीची पोलादी नळी घेतल्यास तिचे वजन मीटरला सुमारे ६१५ ग्रॅम भरते. तिच्याऐवजी ४० मिमी व्यासाची व १.५ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची नळी घेतली, तर वजन मीटरला सुमारे ४९० ग्रॅम, म्हणजे एक पंचमांशाने कमी होते आणि वाकण्यास होणारा विरोध सुमारे दीडपट होतो. द्रव्य तिपटीने लवचिक असूनही नळी अधिक ताठर ठरते, ती केवळ आकारामुळे.

व्यास वाढवण्याला मर्यादा आहेत. भिंत व्यासाच्या सुमारे एक पन्नासांशापेक्षा पातळ झाल्यास नळीला किरकोळ आघातानेही पोचा पडतो व ती चुरगळते. पोलादाची घनता अधिक असल्याने कमी वजनाच्या मोठ्या पोलादी नळ्यांच्या भिंती लवकर या मर्यादेला पोहोचतात. हलक्या धातूत मोठा व्यास आणि पुरेशी जाड भिंत दोन्ही साधता येतात.

बळकटी आणि ताठरता या गोष्टी भिन्न आहेत, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. ताठरता म्हणजे भाराखाली कमी वाकणे. बळकटी म्हणजे कायमचे न वाकता किंवा न मोडता अधिक भार पेलणे. साधे पोलाद आणि क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त महाग पोलाद ('क्रोमोली') यांचा यंग गुणांक जवळजवळ सारखाच असतो. महाग पोलाद अधिक बळकट असते, त्यामुळे त्याच्या नळ्यांच्या भिंती पातळ ठेवता येतात. परिणामी सांगाडा हलका होतो. अधिक ताठर होत नाही, उलट समान व्यासात किंचित लवचिकच होतो. उंची पोलादी सायकलीला 'जिवंत' म्हणण्यामागे बहुधा हेच कारण असते.

ऐतिहासिक आढावा

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये 'रोव्हर' ही सारख्या आकाराच्या दोन चाकांची, साखळीने चालणारी सायकल बाजारात आणली. तिच्यातून पुढे दोन त्रिकोणांचा सांगाडा स्थिरावला. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेचा टायर तयार केला. आरामाच्या दृष्टीने सायकलीच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा बदल ठरला. त्यापूर्वीच्या भरीव रबराच्या चाकांवर सांगाड्यात धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा बसवण्याचे अनेक प्रयोग झाले होते. हवेचा टायर आल्यावर ते मागे पडले.

१८९७ मध्ये बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी टोकांना जाड व मध्यभागी पातळ असलेल्या नळ्यांचे एकस्व घेतले. जोडाजवळ प्रतिबल अधिक असल्याने तेथे जाडी हवी आणि मध्यभागी ती कमी चालते, हे त्यामागील तत्त्व होय. १९३५ मध्ये याच कंपनीने आणलेले '५३१' या क्रमांकाचे मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद पुढे कित्येक दशके शर्यतींच्या सायकलींचे प्रमाण मानले गेले.

स्वातंत्र्योत्तर भारतात सायकलींचे मोठे कारखाने उभे राहिले. मद्रासची टी. आय. सायकल्स (१९४९), सोनीपतची ॲटलस (१९५१) आणि लुधियानाची हीरो (१९५६) यांनी जी काळी पोलादी सायकल देशभर पोहोचवली, तिचा आराखडा इंग्रजी 'रोडस्टर' सायकलीचा होता.

ॲल्युमिनियमचा इतिहास वरील सिद्धान्ताचा उत्तम पुरावा आहे. १९७० च्या दशकात इटली व फ्रान्समध्ये बनू लागलेले ॲल्युमिनियमचे सांगाडे पोलादी नळ्यांइतक्याच व्यासाचे होते. फ्रान्समधील 'व्हितू ९७९' हा सांगाडा त्यांपैकी प्रसिद्ध. आयरिश शर्यतपटू शॉन केली यांनी त्यावर अनेक शर्यती जिंकल्या. हे सांगाडे हलके, पण लवचिक म्हणून ओळखले जात. त्याच सुमारास अमेरिकेत गॅरी क्लाइन यांनी मोठ्या व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या वापरण्यास सुरुवात केली आणि १९८० च्या दशकात कॅननडेल कंपनीने तशा सायकली मोठ्या प्रमाणावर आणल्या. हे सांगाडे अत्यंत ताठर म्हणून गाजले. द्रव्य एकच असताना एका दशकात त्याची ख्याती 'फार मऊ' वरून 'फार कडक' अशी पालटली. बदलला होता तो नळीचा व्यास.

कार्बन तंतूंच्या नळ्यांचा सांगाडा १९८६ मध्ये ग्रेग लेमाँड यांनी टूर द फ्रान्स शर्यत जिंकल्यावर विशेष प्रकाशात आला. आज व्यावसायिक शर्यतींत जवळजवळ सर्व सांगाडे कार्बनचेच असतात.

विविध द्रव्यांची वैशिष्ट्ये

पोलाद : ते स्वस्त, बळकट आणि दुरुस्त करण्यास सोपे असते. पितळेने केलेले जोडकाम किंवा वेल्डिंग गावातील कारागीरही करू शकतो. भार एका मर्यादेच्या आत असेल तर पोलाद कितीही वेळा वाकवले तरी त्याला शिणवटा येऊन ते मोडत नाही. निकामी होताना पोलादी नळीला बहुधा आधी तडा जातो, करकर आवाज येऊ लागतो व स्वाराला सूचना मिळते. गंज हा त्याचा मोठा शत्रू होय.

ॲल्युमिनियम : सध्याच्या मध्यम किमतीच्या गिअरच्या सायकलींत हेच द्रव्य सर्वाधिक आढळते. त्याला शिणवट्याची सुरक्षित मर्यादा नसते. भार लहान असला तरी आवर्तने वाढत गेल्यास केव्हा तरी तडा जाऊ शकतो. त्यामुळे उत्पादक वाकणेच कमी व्हावे अशी जाड, मोठ्या व्यासाची रचना करतात. सायकलींच्या ISO ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकातील सांगाड्याच्या चाचणीत पेडलवरील जोराची १,००,००० आवर्तने द्यावी लागतात. वेल्डिंगमुळे ६०६१ या प्रचलित मिश्रधातूची जोडाजवळील बळकटी घटते. ती परत मिळवण्यासाठी संपूर्ण सांगाड्यावर उष्णतासंस्कार करावा लागतो. म्हणूनच मोडलेला ॲल्युमिनियमचा सांगाडा साध्या वेल्डिंगच्या दुकानात जोडून घेणे धोक्याचे असते.

टायटॅनियम : गुणांक पोलादाच्या निम्मा, घनता त्याच्या साठ टक्क्यांहून कमी. ते गंजत नाही आणि शिणवट्यासही चांगले टिकते. वेल्डिंग करताना तप्त धातूस हवा लागू द्यायची नसते, त्यामुळे काम अवघड व खर्चिक होते.

कार्बन तंतू : हे एकजिनसी द्रव्य नसून राळेत बसवलेल्या तंतूंचे संमिश्र आहे. तंतूंच्या दिशेने त्याचा गुणांक १३० गिगापास्कलच्या आसपास, तर आडव्या दिशेने १० च्या जवळपास असतो. घनता सुमारे १.६ असते. त्यामुळे थर कोणत्या कोनात लावायचे यावर ताठरता ठरवता येते. पेडलपाशी ताठर आणि सीटखाली लवचिक असा सांगाडा कार्बनमध्ये सर्वांत सुलभपणे साधता येतो. मात्र आघातामुळे आतले थर सुटले तरी बाहेरून काहीच न दिसण्याची शक्यता असते.

बांबू : बांबू हे निसर्गातील तंतुमय संमिश्रच होय. त्याचा गुणांक धातूंच्या तुलनेत कमी असला, तरी तो हलकाही असल्याने जाड नळी वापरून पुरेशी ताठरता मिळते. कंपने शमवण्याचा त्याचा गुण धातूंपेक्षा चांगला आहे. बांबूच्या सायकली इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकातच बनल्या होत्या. महाराष्ट्रात भारतीय हवाई दलातील निवृत्त अधिकारी शशिशेखर पाठक यांनी पुण्यात 'बांबूची' या नावाने अशा सायकली तयार केल्या आहेत.

आराम आणि टायर

रस्त्याचा धक्का स्वारापर्यंत पोहोचताना टायर, चाक, सांगाडा, सीटची दांडी आणि सीट यांच्यामधून जातो. हे सर्व भाग एकापुढे एक जोडलेल्या स्प्रिंगांसारखे वागतात. अशा रांगेत सर्वांत मऊ स्प्रिंग सर्वाधिक दबते आणि एकूण परिणाम तीच ठरवते.

एक कल्पित उदाहरण घेता येईल. मागच्या चाकावर ५०० न्यूटन भार आहे. टायरची ताठरता मिलिमीटरला १०० न्यूटन आणि सांगाड्याची मिलिमीटरला १,००० न्यूटन आहे, असे मानू. टायर ५ मिमी दबेल आणि सांगाडा ०.५ मिमी, एकूण ५.५ मिमी. आता सांगाडा दुप्पट ताठर केला, तर एकूण दबणे ५.२५ मिमी होईल. फरक पाच टक्क्यांहूनही कमी. याउलट सांगाडा तोच ठेवून टायरमधील हवा कमी केली व त्याची ताठरता ७० न्यूटनवर आणली, तर एकूण दबणे ७.६ मिमीच्या वर जाईल, म्हणजे सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढेल. सांगाडा बदलण्यास हजारो रुपये लागतात. हवा कमी करण्यास काहीच लागत नाही.

भारतीय काळ्या रोडस्टर सायकलीच्या आरामाचा उलगडाही यातून होतो. तिच्या 'लोखंडी' सांगाड्याला मऊपणाचे श्रेय दिले जाते. वस्तुतः तिचा दीड इंच रुंदीचा टायर, स्प्रिंगांची रुंद सीट, दोन चाकांमधील मोठे अंतर आणि पुढे कललेला लांब चिमटा ही आरामाची खरी कारणे होत. त्याच सायकलीला अरुंद टायर व कडक सीट लावल्यास तिचा मऊपणा बराचसा नाहीसा होईल.

टायर जितका कडक तितकी सायकल वेगवान, हा समजही खडबडीत रस्त्यावर चुकीचा ठरतो. हवा फार असेल तर चाक प्रत्येक खड्यावर उसळते, ती कंपने स्वाराच्या स्नायूंत जिरतात आणि तेथेच ऊर्जा खर्च होते. म्हणूनच गेल्या काही वर्षांत शर्यतींच्या सायकलींचे टायरही २३ मिमीवरून २५, २८ आणि त्याहून अधिक रुंद झाले आहेत. दीर्घ पल्ल्याच्या सायकल-प्रवासात तळहातातील मज्जातंतूवर सतत दाब व कंपने आल्याने करंगळी आणि अनामिका बधिर होतात. त्यावरही रुंद टायर, योग्य हवा आणि हँडलची योग्य उंची हे उपाय सांगाडा बदलण्यापेक्षा परिणामकारक ठरतात.

जाणीव आणि पूर्वग्रह

सांगाड्यांतील फरक जाणवतो असे अनुभवी स्वार ठामपणे सांगतात. १९९० च्या दशकात एका अमेरिकन सायकल-मासिकाने याची परीक्षा घेतली. आंतोनियो मोंदोनिको या इटालियन कारागिराकडून एकाच मापाचे, एकाच रंगाचे सात पोलादी सांगाडे बनवून घेण्यात आले. नळ्यांची प्रत तेवढी वेगवेगळी होती, स्वस्त ते महाग. कोणता सांगाडा कोणता हे ठाऊक नसताना ते चालवले असता त्यांतील फरक ओळखणे अपेक्षेपेक्षा फारच कठीण गेले.

जाणिवेवर इतर गोष्टींचाही प्रभाव पडतो. मोठ्या व्यासाची पातळ नळी ढोलासारखी घुमते. आवाज अधिक झाला की रस्ता अधिक खडबडीत वाटतो. ॲल्युमिनियमची सायकल बहुधा अरुंद टायर आणि उभट कोनांच्या आराखड्यासह येते आणि त्या सर्वांचा परिणाम धातूच्या नावावर मांडला जातो.

लवचिक सांगाड्यात स्वाराचा जोर 'वाया जातो' असेही म्हटले जाते. वाकलेल्या नळीत साठलेली बहुतेक ऊर्जा ती सरळ होताना परत मिळते. धातूत उष्णतेच्या रूपाने नष्ट होणारा अंश अल्प असतो. परत मिळालेल्या ऊर्जेचा किती भाग चाकाला मिळतो, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत.

रत्नागिरी परिसरातील परिस्थिती

रत्नागिरी शहर समुद्रकिनारा आणि जांभा खडकाचा सडा यांच्या दरम्यान वसले आहे. बंदर व खाडीकडून सड्यावर येताना लहान पण तीव्र चढ लागतात. आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याकडे जाणारा सागरी रस्ताही सतत चढ-उताराचा आहे. पूर्वेकडे कोल्हापूरच्या मार्गावर आंबा घाट लागतो. अशा भूप्रदेशात पेडलपाशी ताठरता आणि कमी वजन यांचा उपयोग सपाट मुलखापेक्षा अधिक जाणवतो. गावांतील जांभ्याच्या पायऱ्यांच्या पाखाड्यांवर सायकल खांद्यावर घ्यावी लागते. तेथे तर वजनच महत्त्वाचे.

उतारावर दुसरा प्रश्न उद्भवतो. विशिष्ट वेगाला हँडल आपोआप डावी-उजवीकडे थरथरू लागते आणि थरथर वाढत जाते. पीळ रोखण्याची ताठरता कमी असणे, हँडलची बेअरिंग सैल असणे, चाक वाकडे असणे किंवा कॅरियरवर ओझे असणे यांमुळे हे घडते. अशा वेळी हँडल घट्ट आवळल्याने थरथर वाढू शकते. दोन्ही गुडघे वरच्या दांडीला टेकवणे आणि हळूहळू वेग कमी करणे हा मान्य उपाय आहे.

सर्वांत मोठा परिणाम हवामानाचा होतो. येथे वर्षाला सरासरी ३,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारे क्षार धातूवर बसतात. क्लोराइडमुळे पोलादाचा गंज वेगाने वाढतो. तो रंगावरून दिसण्यापूर्वी नळीच्या आतून सुरू होतो, कारण सीटच्या दांडीवाटे शिरलेले पाणी पेडलच्या आसापाशी साचून राहते. नळीची ताठरता भिंतीच्या जाडीच्या प्रमाणात असते. गंजाने ०.२ मिमी थर खाल्ला असे मानले, तर १.५ मिमी जाडीच्या नळीची ताठरता सुमारे एक अष्टमांशाने घटते, ०.६ मिमीच्या उंची नळीची मात्र एक तृतीयांशाने. किनाऱ्यावर जड, स्वस्त सायकल दशके टिकते आणि हलकी, महाग पोलादी सायकल तितकी टिकत नाही, याचे कारण पोलादाच्या प्रतीत नसून भिंतीच्या जाडीत आहे.

ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा संरक्षक थर असतो, तरी खाऱ्या हवेत त्याला बारीक खड्डे पडतात आणि रंगाखाली फुगवटे येतात. दोन भिन्न धातू, किंवा कार्बन आणि ॲल्युमिनियम, एकमेकांना टेकलेले असून मध्ये खारे पाणी असेल तर विद्युतघटासारखी क्रिया होते व ॲल्युमिनियम झिजते. पोलादी सांगाड्यात ॲल्युमिनियमची सीटची दांडी कायमची अडकून बसते, ती याचमुळे. दांडीला ग्रीस लावणे आणि वर्षातून दोन-तीनदा ती बाहेर काढून पुसणे, हा त्यावरील प्रतिबंध होय. कार्बनच्या सांगाड्यासाठी मात्र खास लेप वापरतात.

देखभाल आणि तपासणी

सांगाडा मोडण्याची शक्यता जेथे प्रतिबल अधिक असते तेथे जास्त असते. हँडलच्या नळीजवळ खालच्या तिरप्या नळीचा तळभाग, पेडलच्या आसाजवळील जोड, सीटच्या नळीचा वरचा काठ आणि चिमट्याचा माथा या त्या जागा होत. रंगात उमटलेली केसासारखी रेघ, रंगाखालचा फुगवटा, नव्याने येऊ लागलेली करकर किंवा सायकल सरळ चालेनाशी होणे ही तड्याची लक्षणे असू शकतात. उतारावर चिमटा किंवा पुढची नळी मोडल्यास स्वार थेट तोंडावर आपटतो. त्यामुळे अशी लक्षणे दिसताच सायकल वापरणे थांबवणे आवश्यक ठरते.

किनारी प्रदेशात पावसाळ्यापूर्वी पोलादी नळ्यांच्या आत तेल किंवा मेणासारखे गंजरोधक सोडणे, पेडलच्या आसाखालचे पाणी निचऱ्याचे छिद्र मोकळे ठेवणे, समुद्रकाठच्या फेरीनंतर सायकल गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करणे आणि उडालेल्या रंगाची जागा त्वरित रंगवणे या उपायांनी सांगाड्याचे आयुष्य वाढते.

सायकलीची निवड

सायकल निवडताना सर्वप्रथम स्वाराच्या उंचीला साजेसे माप आणि बसण्याची ठेवण पाहिली जाते. त्यानंतर किती रुंद टायर बसू शकतो, हे महत्त्वाचे ठरते. सांगाडा व चिमटा यांत रुंद टायरला जागा असेल तर कोणत्याही द्रव्याची सायकल बरीच आरामदायी करता येते. जागा नसेल तर महाग द्रव्यही ती उणीव भरून काढत नाही. सांगाड्याच्या द्रव्याचा विचार त्यानंतर येतो. तो करताना मऊ-कडक या विशेषणांपेक्षा वजन, किंमत, गंजास विरोध, शिणवटा सहन करण्याची क्षमता आणि जवळपास दुरुस्तीची सोय हे निकष अधिक विश्वसनीय मानले जातात.